फॉरेन कोटा आणि खारा वारा

वर कोणीतरी म्हटलंय की थायलंडमध्ये पट्टायाजवळ जोमतिएनला काँडो (म्हणजे बिल्डिंगमधला मालकीचा फ्लॅट) घ्यायचा, वर्षातून दोन महिने आपण राहायचं आणि उरलेले दहा महिने टुरिस्टला रोजच्या भाड्याने द्यायचा, हप्ता आपोआप सुटतो. राहायचं ते ठीक, रोजच्या भाड्यात गडबड आहे. थायलंडमध्ये 30 दिवसांपेक्षा कमी मुदतीचं भाडं हॉटेलच्या कायद्यात येतं आणि लायसन्स नसेल तर ते बेकायदा, आमच्या बिल्डिंगमध्ये तर लिफ्टच्या दारावरच तसा बोर्ड आहे. लोक करतात तरीही, पण शेजाऱ्याने तक्रार केली की संपलं. आणि कोट्याबद्दल इथे कोणीच बोललं नाही, एका बिल्डिंगमध्ये एकूण क्षेत्रफळाच्या 49 टक्क्यांपर्यंतच काँडो परदेशी माणसाच्या नावावर होतात, हा कोटा भरला असेल तर एजंट हळूच 30 वर्षांची लीज पुढे सरकवतो आणि त्यालाही मालकीच म्हणतो (मालकी कसली, लांबलचक भाडंच ते). पैसे पण बाहेरून परकीय चलनातच आणून तिथे थाई चलनात, बाथमध्ये, बदलायचे, तसं केल्याचा बँकेचा कागद नसेल तर लँड ऑफिसात नाव चढत नाही.

राहायचं म्हणाल तर समोर समुद्र दिसणारा फ्लॅट मी तरी परत घेणार नाही. दुसऱ्याच वर्षी एसीच्या बाहेरच्या युनिटचा स्टँड असा गंजला की बोट लावलं तर पापुद्रे निघायचे, बाल्कनीचं सरकतं दार तर दोघांनी मिळून ओढावं लागायचं. आता दोन गल्ल्या आत राहतो, बीचवर चालत पाच मिनिटं.