हीरकमहोत्सव साठीचा की पंचाहत्तरीचा?

पत्रिकेवर 'हीरकमहोत्सव' आणि खाली '७५ वर्षे' असं छापलेलं हल्ली सर्रास दिसतं. माझ्या मते हीरक ६० लाच म्हणावं. ७५ साठी 'अमृतमहोत्सव' हा सुरेख शब्द आपल्याकडे आहेच.

रौप्य, सुवर्ण, हीरक ही उतरंड 'ज्युबिली'च्या मागून आली. ज्युबिलीचं मूळ हिब्रू 'योबेल', म्हणजे मेंढ्याचं शिंग. दर पन्नासाव्या वर्षी ते फुंकून ज्यू लोक गुलामांच्या सुटकेचं वर्ष जाहीर करत. व्हिक्टोरिया राणीची सुवर्ण ज्युबिली १८८७ ची. मुंबईच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेच्या मूळ नावातली ('व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट') 'ज्युबिली' तीच. हिऱ्याची साठाशी गाठ पक्की झाली ती १८९७ मध्ये, तिच्या राज्यारोहणाला ६० वर्षं झाली तेव्हा. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्याच्या गणेशखिंडीतल्या ज्या समारंभाहून परतताना प्लेग अधिकारी रँडवर चापेकरांनी गोळी झाडली, तो याच हीरकमहोत्सवाचा. महाराष्ट्र राज्याचा हीरकमहोत्सवही २०२० चा, म्हणजे साठीचाच. स्वातंत्र्याचा ७५ वर्षांचा तो अमृतमहोत्सव.

माणसाच्या वयाला मात्र आपले जुने टप्पे जास्त शोभतात, कारण त्यामागे कालगणना आहे. प्रभव ते क्षय अशी ६० संवत्सरं. जन्माचं संवत्सर साठ वर्षांनी पुन्हा येतं, म्हणून षष्ट्यब्दीपूर्ती. (यातला 'अब्द' म्हणजे पाणी देणारा, ढग, त्यावरून वर्ष. 'वर्ष' तरी पावसावरूनच आलं ना!) सत्त्याहत्तराव्या वर्षाच्या सातव्या महिन्यातली सातवी रात्र ती भीमरथी. हजार पौर्णिमांना साधारण ८० वर्षं १० महिने लागतात, म्हणून सहस्रचंद्रदर्शन एक्याऐंशीच्या आसपास. आजोबांच्या पत्रिकेवर 'प्लॅटिनम ज्युबिली' छापण्यापेक्षा हे शब्द छापा.

खरा घोळ मोजणीत होतो. १९७५ साली पहिला गणपती बसवलेल्या मंडळाचा पन्नासावा उत्सव २०२४ मध्येच झाला, पण स्थापनेला ५० वर्षं झाली २०२५ मध्ये. म्हणून पहिल्याला 'सुवर्णमहोत्सवी वर्षात पदार्पण' आणि दुसऱ्याला 'सुवर्णमहोत्सवपूर्ती' लिहावं. वर्धापनदिनाचं तसं नाही. पहिला वर्धापनदिन वर्ष सरल्यावरच येतो, त्यामुळे पन्नासावा म्हणजे पुरी पन्नास.

आणि फलक रंगवणाऱ्याला आधीच सांगा. हिरा ऱ्हस्व, पण 'हीरक'मधला 'ही' दीर्घ.