मदत हवी आहे : इस्त्रीसाठी जास्त वेळ टिकणारा कोळसा कोणता?

राम राम मंडळी. दारव्हा तालुक्यात, गावातच इस्त्रीचं दुकान आहे. दिवसा लाइनीचा भरवसा नाही, म्हणून कोळशाची पितळी इस्त्रीच चालवतो. सध्या पोत्यानं येणारा कोळसा मिश्र लाकडाचा आहे. चार-पाच शर्ट झाले की राख. साल राहिलेले तुकडे तडतडतात, भोकांतून ठिणगी उडते आणि पांढऱ्या सदऱ्यावर बारीक पिवळा डाग. गिऱ्हाईक ऐकते का बाप्पा!

बाभळीचा निवडून घेतला तर वाजवल्यावर खणखणतो, तापतोही मस्त; पण बारोमास मिळत नाही. वणीकडचा दगडी कोळसा सुचवू नका, धूर आणि गंधकाचा वास कपड्यात बसतो. हुक्क्यासाठीच्या, काडी लावताच पेटणाऱ्या गोल वड्याही नको, त्यांत पेटवायचं रसायन असते.

आता नारळाच्या करवंटीच्या चौकोनी वड्या घ्याव्या म्हणतो. राख कमी, निखारा लांब चालतो, पण पेटायला उशीर लागतो. कोणी इस्त्रीत वापरल्या का? नुसत्या भरायच्या की खाली बाभळीचे निखारे टाकून वर ठेवायच्या? आणि यवतमाळ-अमरावतीकडे किलोवर सुट्या कुठं भेटतात?