दहावी विरुद्ध शिक्षक सामना: खेळ कोणता ठेवावा आणि पंच कोणी व्हावे?

गणिताच्या बाई

नमस्कार. मी तालुक्याच्या गावातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. स्नेहसंमेलनाच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडे आंतरवर्गीय सामने होतात आणि त्यांत विजयी ठरलेला वर्ग, बहुतेक वेळा दहावीचीच एखादी तुकडी, शेवटच्या दिवशी शिक्षकांच्या संघाशी खेळतो. हा सामना परंपरेने टेनिस चेंडूच्या क्रिकेटचा असतो. त्यामुळे शिक्षकांकडून तरुण सर आणि कार्यालयातील लिपिक खेळतात, आम्ही शिक्षिका मांडवात बसून धावा मांडतो आणि वर्गातील मुलींच्या वाट्याला सीमारेषेबाहेर टाळ्या वाजवणे एवढेच येते.

गेल्या वर्षी शेवटच्या षटकात पंच असलेल्या सरांनी आपल्याच सहकाऱ्याला धावबाद दिले नाही. तो निर्णय बरोबर होता की नाही, हे मला मांडवातून दिसले नाही. मुलांना मात्र तो सरळ पक्षपात वाटला आणि पुढे कितीतरी दिवस वर्गात त्याचीच कुजबुज चालू राहिली. यंदाचे नियोजन मुख्याध्यापकांनी आम्हा तिघींवर सोपवले आहे. मुली आणि शिक्षिकाही उतरू शकतील, वयामुळे किंवा वजनामुळे कोणावर अन्याय होणार नाही, असा खेळ कोणता आणि त्यात पंच कोण असावा, याबद्दल ज्यांनी असे सामने घेतले आहेत त्यांनी कृपया लिहावे. पन्नाशी ओलांडलेले काही सहकारीही खेळायला उत्सुक आहेत, हे आधीच सांगून ठेवते.

मैदानकर

बाई, मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. क्रिकेट बाजूला ठेवण्याचा आपला विचार योग्य आहे, पण त्याच्या जागी कबड्डी आणू नका. कबड्डीत कुमार गटांना वजनाची मर्यादा असते, ती उगाच नव्हे. ऐंशी किलोच्या सरांनी पंचेचाळीस किलोच्या चढाईपटूची पकड केली आणि दोघे एकमेकांवर कोसळले, तर त्याला मैत्रीपूर्ण सामना म्हणणे कठीण जाईल.

माझी शिफारस रस्सीखेचीची आहे, कारण तिच्यात वजनाचा हिशेब खेळाच्या नियमांतच आहे. स्पर्धात्मक रस्सीखेचीत आठ जणांचा संघ असतो आणि गट पाडताना संघाचे एकूण वजन पाहिले जाते. आपण संख्या सारखी ठेवण्याऐवजी एकूण वजन सारखे ठेवावे. आठ शिक्षकांचे वजन साडेपाचशे किलोच्या आसपास भरले, तर दहावीची अकरा-बारा मुले-मुली त्यांच्यासमोर उभी करता येतात आणि झुंज खरोखर अटीतटीची होते. वजने मात्र एकेकाला बाजूच्या खोलीत बोलावून एकाच व्यक्तीने घ्यावीत आणि फक्त बेरीज जाहीर करावी. चारचौघांत काट्यावर उभे राहणे पंधरा वर्षांच्या मुलीला आवडत नाही, आणि खरे सांगायचे तर शिक्षकांनाही नाही.

दोराबाबत तडजोड करू नका. स्पर्धेचा दोर दहा ते साडेबारा सेंटिमीटर घेराचा, म्हणजे मुठीत भरून येईल इतका जाड असतो. हार्डवेअरच्या दुकानातील नायलॉनची दोरी बारीक असते, तळहात सोलते, ताणली जाते आणि तुटली तर चाबकासारखी मागे येते. मध्यभागी एक खूण आणि तिच्या दोन्ही बाजूंना चार-चार मीटरवर एकेक खूण करावी. समोरच्या संघाला चार मीटर ओढले की तो डाव जिंकला. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणीही दोर पंजाला किंवा मनगटाला गुंडाळू नये. पकड सुटू नये म्हणून मुले हमखास असे करतात आणि दोराला अचानक हिसका बसला की बोटांना गंभीर इजा होते. जगात ठिकठिकाणी यात बोटे तुटलेली आहेत. शेवटचा गडी तेवढा दोर एका काखेखालून पाठीवर तिरपा घेऊन दुसऱ्या खांद्यावरून सोडतो. बाकीच्यांनी फक्त मुठीत धरावा. सामना मातीच्या मैदानावर घ्या, फरशीवर किंवा सिमेंटवर नको.

पाटीवरचा

रस्सीखेच दोन-तीन मिनिटांत आटोपते, त्यासाठी संपूर्ण शाळा मैदानात बसवून ठेवावी असे मला वाटत नाही. खो-खो का नको? पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली ज्याचे नियम बांधले तो हा आपला खेळ आजच्या बहुतेक शिक्षिका शाळेत असताना खेळलेल्या असतात, हे आपण विसरतो. मी स्वतः जिल्हा पातळीपर्यंत खेळलो आहे आणि माझ्या शाळेत शिक्षक विरुद्ध नववी असा खो-खोचा सामना नियमित होतो.

अडचण धावण्याची नसून बसण्याची आहे. पाटीवर चवड्यांवर बसायचे आणि ‘खो’ मिळताच त्याच क्षणी उसळी घ्यायची, हे पन्नाशीच्या गुडघ्यांना आणि पोटऱ्यांना झेपत नाही. म्हणून आम्ही शिक्षकांना पाटीवर बसवत नाही, उभे करतो. एक जण या बाजूला तोंड करून, पुढचा त्या बाजूला, बाकी सर्व नियम तेच. मधली पाटी ओलांडायची नाही, एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत बदलायची नाही. डाव नऊऐवजी पाच मिनिटांचा ठेवतो. गेल्या खेपेला इतिहासाच्या बाईंनी एका मुलाला खांबाकडे रेटत नेले आणि नेमक्या कोपऱ्यात मागच्या सरांना ‘खो’ दिला, तेव्हा तो मुलगा बाद झाला याचे त्यालाही वाईट वाटले नाही. तो जागीच उभा राहून हसत होता. साडीचा प्रश्न परिपत्रकात ‘त्या दिवशी सलवार-कमीज आणि कॅनव्हासचे बूट’ एवढी एक ओळ घातली की सुटतो.

शांताराम मास्तर

मला मूळ कल्पनाच खटकते. वर्षभर फळ्यासमोर एक बाजू आणि बाकांवर दुसरी असतेच. मैदानावर पुन्हा तेच दोन तट कशासाठी? प्रत्येक संघात चार शिक्षक आणि पाच विद्यार्थी घ्यावेत, चिठ्ठ्या टाकून संघ पाडावेत. मग पक्षपाताचा प्रश्नही उरत नाही, कारण पंच ज्याच्या विरुद्ध निर्णय देईल त्या संघात सरही असतील.

माजी विद्यार्थिनी

मास्तर, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून लिहिते, पण मिश्र संघ झाले तर आम्ही बघायलासुद्धा थांबलो नसतो. त्या सामन्याची सगळी गंमत सरांना हरवण्यात असते! आमच्या विज्ञानाच्या सरांचा त्रिफळा उडाला, तेव्हा ते रागावलेले तोंड करून परत निघाले आणि जाता जाता गोलंदाजाला म्हणाले, “चाचणी सोमवारी आहे, लक्षात ठेव.” संपूर्ण मैदान हसत होते. हे सर आमच्याच संघात असते तर घडले नसते.

फक्त एक विनंती आहे. शिक्षकांनी मुद्दाम हरू नये. झेल सोडताना हात किती सैल होते, हे मुलांना पहिल्याच वेळी कळते आणि मग जिंकल्याचे काहीच वाटत नाही. वजनाचा किंवा वेळेचा तोल आधी नियमांतून साधावा. एकदा खेळ सुरू झाला की जिवापाड खेळावे.

मैदानकर

माजी विद्यार्थिनींशी मी सहमत आहे आणि उभ्या खो-खोलाही माझी हरकत नाही. पंचांबद्दल लिहायचे राहिले होते. शेजारच्या शाळेतील क्रीडाशिक्षकाला मुख्य पंच म्हणून बोलवावे. त्या बदल्यात आपल्या क्रीडाशिक्षकांनी त्यांच्या सामन्याला जावे. गुणलेखन आणि वेळ नववीच्या मुलींकडे द्यावी. पंचांशी फक्त कर्णधार बोलेल, हा व्हॉलीबॉलमधील नियम इथेही लावावा आणि शिक्षकांच्या संघाला तो सामन्याआधी शिक्षक-खोलीत, मुले नसताना, स्पष्ट सांगावा. माझ्या अनुभवाने पंचांशी वाद घालण्याची खोड दहावीच्या मुलांपेक्षा आपल्यातच अधिक असते, कारण दिवसभर आपले म्हणणे कोणी खोडून काढत नाही.

गणिताच्या बाई

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही आधी रस्सीखेचीचे तीन डाव आणि नंतर उभा खो-खो असा बेत ठरवला आहे. दोन्हींत विद्यार्थ्यांच्या संघात निम्म्या मुली असतील. मास्तरांच्या सूचनेप्रमाणे मिश्र संघ पाचवी-सहावीच्या लंगडीसाठी करून पाहू, तिथे हार-जीत फारशी कोणी मनाला लावून घेत नाही. आता तारखेचा प्रश्न आहे. खाशाबा जाधवांच्या जयंतीला, १५ जानेवारीला, राज्य क्रीडा दिन असल्यामुळे मुख्याध्यापकांना तो दिवस हवा आहे.

पाटीवरचा

दिवस छान आहे, परंतु जानेवारीत दहावीची पूर्वपरीक्षा असते आणि पालक कुरकुर करतील. २९ ऑगस्टचा राष्ट्रीय क्रीडा दिन पावसात जातो. चिखलात दोर ओढता येईल, खो-खो खेळता येणार नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली की दोन आठवडे सोडून एखादा शनिवार घ्या. ते दोन आठवडे शिक्षकांना सरावासाठी लागतील, आणि सामन्याच्या दिवशी आधी पंधरा मिनिटे अंग मोकळे करून घेतल्याशिवाय चाळिशीपुढच्या कोणालाही मैदानात सोडू नका.