चिकटलेली होज: सोडवत बसावं की सरळ कापावी?

गाडीवेडा
रेडिएटरची किंवा हीटरची जुनी होज, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं कूलंट नेणारी रबरी नळी, निपलवर (ती ज्या नळीसारख्या तोंडावर चढवलेली असते त्यावर) घट्ट बसली असेल तर तिच्याशी झटापट करूच नये, कापून काढावी, असं माझं ठाम मत आहे. होज तशीही बदलायचीच असते. ओढताना निपल तुटलं तर मात्र रेडिएटरच बदलायची वेळ येते. हल्लीच्या बहुतेक रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या टाक्या काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या असतात. वर्षानुवर्षं उष्णता सोसून हे प्लास्टिक ठिसूळ होतं आणि मग पकडीचा एक पीळही त्याला भारी पडतो. हीटर कोअरचं, म्हणजे गाडीच्या आत गरम हवा देणाऱ्या छोट्या रेडिएटरचं, दुखणं त्याहून मोठं. त्याच्या नळ्या पातळ धातूच्या, आणि कोअर डॅशबोर्डच्या मागे दडलेला. नळी वाकली की बऱ्याच गाड्यांत अर्धा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. हे सगळं कशासाठी, तर उद्या फेकायच्या रबरासाठी?

जुना फिटर
काळजी रास्त आहे, उपाय पटत नाही. निपल वाचवायला म्हणून ब्लेड हातात घ्यायचं आणि त्याच ब्लेडने निपलवर चर पाडायची! उभा ओरखडा फार वाईट. तो आतून थेट बाहेर जातो, त्यामुळे नवी होज कितीही आवळली तरी कूलंट झिरपत राहतं. मग लोक होज आवळणारी क्लिप आणखी पिळतात आणि प्लास्टिकचं निपल चेपतं.

मुळात होज अडकते ती ओढल्यामुळे. ओढलं की रबर लांबतं, व्यास कमी होतो आणि पकड उलट वाढते. क्लिप मागे सरकवा, होज निपलवर थोडी आत ढकला आणि ढकलत असतानाच हाताने हलकेच फिरवा. चिकटलेला थर सुटला की बारीकसा 'कट्' असा आवाज येतो आणि होज हातात मोकळी फिरू लागते. फिरू लागल्याशिवाय ओढायचं नाही.

गाडीवेडा
ढकलायला जागा हवी ना! हीटरच्या होजपाशी फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या) कोपऱ्यात दोन बोटं जेमतेम जातात. तिथे माणूस लांब दांड्याची पकड घालतो आणि जोर किती लागला हे कळायच्या आत निपल वाकलेलं असतं.

स्नेहल_के
अशा जागी वाकड्या टोकाचा होज हूक वापरावा. टोक बोथट हवं, टोकदार असेल तर तोही ब्लेडइतकाच ओरखडे पाडतो. होजच्या तोंडाशी साबणाच्या पाण्याचे थेंब सोडायचे, हूक कडेने आत सरकवायचा आणि निपलभोवती हळूहळू गोल फिरवायचा. पाणी आत उतरतं आणि रबर सुटत जातं.

पाण्याऐवजी गंज काढायचा तेलाचा स्प्रे मात्र नको. कूलंटच्या होज बहुतेक ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या असतात आणि खनिज तेलाने हे रबर फुगून मऊ पडतं. होज पुन्हा वापरायची असेल तर साबणाचं पाणी किंवा कूलंट बरं. रबर कडक झालं असेल तर गरम पाण्यात बुडवलेलं फडकं काही मिनिटं गुंडाळून ठेवा. ज्योत कधीच नाही. इंधनाच्या नळीजवळ तर हीट गनसुद्धा नको.

गाडीवेडा
स्नेहल, हूकबद्दल पूर्ण सहमत. पण कापायचं म्हणजे निपलपर्यंत आरपार कापायचं, असं फिटरसाहेबांनी गृहीत धरलंय. तसं नाही. होजच्या भिंतीत बाहेरचं रबर, मधे धाग्यांची जाळी आणि आतलं रबर असे थर असतात. ब्लेड जाळीपर्यंतच न्यायचं. जाळी तुटली की होजची ताकद गेली. मग त्या चिरेत चपटा, बोथट स्क्रूड्रायव्हर घालून आडवा फिरवायचा, उरलेलं रबर स्वतःहून फाटतं. ब्लेडची धार निपलला लागतच नाही.

जुना फिटर
उजेडात, समोर दिसणाऱ्या होजवर हे जमेल. तुम्ही म्हणता त्या कोपऱ्यात, न दिसणाऱ्या होजवर ब्लेड कितव्या थरात आहे हे कसं कळणार? हाताचा अंदाज बसायला बरीच होज कापावी लागते आणि नवशिक्याची पहिलीच होज हीटरची असू शकते. म्हणून आधी ढकला, मग हूक, मग गरम फडकं. यातलं काहीच चाललं नाही तरच ब्लेड.

आणखी एक. ॲल्युमिनियमच्या निपलवर होजखाली पांढरी भुकटी साचते, पकड बऱ्याचदा तिचीच असते. होज निघाल्यावर ती बारीक पॉलिश पेपरने साफ करा, पण घासायचं गोलाकार, उभं नाही.

मंदार७
दोघांनीही न लिहिलेलं एक सांगतो: इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि रेडिएटरची किंवा कूलंटच्या टाकीची कॅप उघडून दाब सोडल्याशिवाय क्लिपला हात लावू नका. दाबाखालचं कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, होज सुटली की ते थेट अंगावर येतं. खाली भांडं ठेवा. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, ते गोड लागतं आणि कुत्र्या-मांजरांच्या जिवावर बेततं.

गाडीवेडा
मंदार, हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं, धन्यवाद. फिटरसाहेब, तुमचा क्रम धातूच्या निपलसाठी मान्य. पण पिवळट पडलेल्या, कडेला केसासारखी चीर दिसणाऱ्या प्लास्टिकच्या निपलवर मी फिरवण्याचा प्रयत्नसुद्धा करणार नाही. तिथे पहिलं हत्यार ब्लेडच.

जुना फिटर
चीर दिसतेच आहे तर होज कशीही काढा, ती टाकी बदलायलाच आली आहे.