वरच्या खोलीत ढेकूण, गादीत गोळे, कूलर बिघडलेला: मालकानं कुठपर्यंत करायचं?

खालचा_मजला (लातूर)

नमस्कार. ट्युशन एरियापासून पायी जाण्याच्या अंतरावर आमचं घर आहे. वरच्या दोन खोल्या अन् किचन नीटची (मेडिकल प्रवेशाची परीक्षा) तयारी करणाऱ्या लेकरांना, त्यांच्या आयांना भाड्यानं देतो. सामानासहित: लाकडी दिवाण, लोखंडी पलंग, दोन गाद्या, टेबल-खुर्ची, पत्र्याचा कूलर. सध्या देगलूरकडच्या एक ताई अन् त्यांची बारावीतली मुलगी राहायलेत. भाडं नऊ हजार, डिपॉझिट वीस.

माणसं चांगली, भाडं पाच तारखेच्या आत येतं. पण ऊन तापायला लागल्यापासून तक्रारी सुरू झाल्या. पहिली, दिवाणात ढेकूण. मी वर जाऊन फळीच्या सांध्यात टॉर्च मारली, काळे ठिपके दिसले अन् दोन-चार जिवंतही. आमच्या मंडळींचं म्हणणं, आपल्याकडं कधी नव्हते, ह्यांच्याच ट्रंकेतून आले. ताई म्हणतात, काका, दिवाण तुमचा. दुसरी, कापसाच्या गादीत गोळे झालेत, पोरगी रात्री एकपर्यंत अभ्यास करते अन् मग झोप येत नाही. तिसरी कूलरची. पाणी वर चढत नाही, टाकीला वास येतो, भरताना कधीकधी हाताला झिणझिण्या येतात म्हणे. बोअरचं पाणी आहे, पंपात क्षार धरतात, ते दरवर्षीचंच. (२०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात आम्ही कूलर काढलाच नव्हता, प्यायला पाणी नव्हतं तर कूलरला कुठलं.)

परवा त्यांच्या भावाचा फोन आला. नवा दिवाण अन् गादी द्या, नाहीतर आम्ही घेऊ अन् भाड्यातून कापू, असं जरा तडकूनच बोलले. फवारणी करून देतो म्हणलं तर ताई म्हणतात परीक्षा तोंडावर आलीय, दिवसभर खोली सोडून कुठं जायचं. यातलं काय माझ्या अंगावर अन् काय त्यांच्या? नीट झाली की ते जाणारच आहेत, तोवर ढकलावं का?

करारवाला (छत्रपती संभाजीनगर)

पहिला प्रश्न, करार नोंदवलाय का? की पाचशेच्या स्टॅम्पवर सही घेऊन कपाटात ठेवलाय?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार लेखी अन् नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची. नसेल केलेली तर वाद झाल्यावर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, तुम्ही खोट्या ठरवेपर्यंत. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का, शहरात नोंदणी फी एक हजार. एवढ्यासाठी लोक अंगावर घेतात, मला कळत नाही.

भाड्यातून कापायचं म्हणाल तर कलम १४ आहे. मालकानं दुरुस्ती केली नाही तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः करून घेऊ शकतो अन् भाड्यातून वळती करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपर्यंत. पण ते जागेच्या दुरुस्तीचं. गळकं छत, नळ, असलं. दिवाण-गादीचं सगळं करारावर अन् त्याला जोडलेल्या यादीवर. यादीत नुसतं 'गादी २' लिहून उपयोग नाही. कशी आहे ते लिहा, देताना फोटो काढा, दोघांच्या मोबाईलवर ठेवा. वापरून झालेली झीज मालकाची, मोडतोड राहणाऱ्याची, असंच चालतं. गादीतले गोळे झिजेतच येतात.

वायरमन_नांदेड

काका, ढेकणं अन् गादी नंतर. तुम्ही झिणझिण्या सगळ्यात शेवटी, अन् त्यालाही 'म्हणे' लावून लिहिल्या. तीच पहिली तक्रार आहे. हे वाचून झालं की वर जा, कूलरचा प्लग काढा अन् टेबलफॅन देऊन या. मग पुढचं वाचा.

पत्र्याचा कूलर म्हणजे लोखंडी पेटी, तिच्यात पाणी, पाण्यात बुडालेला पंप. पंपाची वायर क्षारानं कडक होते, तडकते, पाणी आत शिरतं अन् करंट पत्र्यावर येतो. अर्थिंग धड असेल तर तो जमिनीत जातो. नसेल तर ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून बादली ओतणाऱ्या माणसातून जातो. कूलरचा शॉक लागून माणूस गेला ही बातमी आपल्याकडं उन्हाळ्यात नवी नाही.

आता बघायचं काय. प्लग तीन पिनचा आहे का, की जुन्या बोर्डात बसावा म्हणून दोन पिनचा लावलाय? तीन पिनचा असला तरी बोर्ड खोलायला लावा अन् वरच्या मोठ्या भोकामागं वायर खरंच जोडलीय का ते डोळ्यानं बघा. काही महाभाग न्यूट्रलमधूनच (करंट परत नेणारी वायर) एक तुकडा काढून अर्थला जोडून देतात. टेस्टर गप्प बसतो, मालक खूश. ज्या दिवशी न्यूट्रल कुठं सुटेल त्या दिवशी पूर्ण पत्र्यात करंट. असा तुकडा दिसला तर ज्यानं जोडला त्याला पुन्हा घरात घेऊ नका.

अर्थिंगचा खड्डा कुठाय माहीत आहे का? आपल्याकडं वर काळी माती, खाली मुरूम. वैशाखात जमिनीला भेगा पडतात, तेव्हा खड्डाही वाळतो अन् अर्थिंग नावालाच उरतं. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा. मेनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी टाका, म्हणजे करंट कुठं गळाला की लगेच लाईन तोडणारं बटण. एमसीबी आहे की, असं म्हणू नका. एमसीबी लोड वाढला किंवा शॉर्ट झालं तर पडते, माणसाला शॉक लागला म्हणून पडत नाही.

पंप साफ करत बसू नका, तीन-चारशेत नवा येतो. लोखंडी पलंग कूलरला चिकटवलेला असणारच, हवा लागावी म्हणून सगळेच चिकटवतात. लांब करा. अन् पाणी भरायचं ते प्लग काढून, बटण बंद करून नाही. वास येतो तो सडलेल्या गवताचा, गवत बदला अन् आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी करा. डेंग्यूचा डासही अशाच साचलेल्या पाण्यात होतो.

खालचा_मजला (लातूर)

वायरमन साहेब, प्लग तेव्हाच काढला. काल माणूस आणून बोर्ड खोलला. हिरवी वायर भिंतीतून आलीय, पण टोकाला टेप गुंडाळून मागं खुपसलेली, कशालाच जोडलेली नाही. त्यानं पत्र्याला टेस्टर लावला तर आतला दिवा मंद लाल झाला. ताई तिथंच उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत. वायर जोडली, खड्ड्यात पाणी सोडलं, पंप नवा आणला. पत्र्याला टेस्टर आता लागत नाही.

करार नोंदवलेला आहे, यादीही आहे. यादीत 'गादी २' एवढंच आहे.

दोन_लेकरांची_आई

काका, मी परभणीची. मोठा झाला लातुरातून, आता धाकट्यासाठी पुन्हा खोली घेतलीय. आमचे हे गावाकडं शेत सांभाळतात, मी इथं डबे भरते. तुमच्या त्या ताईंच्या जागी मी बसलेली आहे म्हणून सांगते.

भावाशी बोलू नका, ताईंशी बोला. भाऊ देगलूरला झोपतो, ढेकूण त्याला चावत नाहीत.

ढेकूण कुणाचे ह्याचा निकाल लागत नसतो. सांध्यात काळे ठिपके दाट असतील, लहान-मोठ्या आकाराच्या कातीही असतील तर मुक्काम जुना आहे एवढंच कळतं. ट्रंकेतून येतात तसे आधीच्या लेकराच्या गादीतूनही येतात, अन् उपाशी राहून कित्येक महिने काढतात. म्हणून मंडळींना म्हणा, 'आपल्याकडं कधी नव्हते' ह्यात काही दम नाही.

फवारणी परीक्षेनंतरच करा, ते ताई बरोबर म्हणतात. तोवर दिवाण खोलून, फळ्या चादरीत गुंडाळून गच्चीवर न्या, जिन्यात गळू देऊ नका. सांध्यांत, खिळ्यांच्या भोकांत उकळतं पाणी ओता. कोमट नको, उकळतंच. अंडी वाचतात, म्हणून आठ-दहा दिवसांनी परत. चादरी, उशांचे अभ्रे कडक पाण्यात. भिंतीची फट अन् बोर्डाची कडही बघा, तिथं जाऊन बसतात (बोर्डावर पाणी ओतू नका, नाहीतर वायरमन दादा मला बोलतील). नुसती गादी उन्हात टाकून भागत नाही, वरचं कापड तापतं अन् ते आत सरकतात. रॉकेल तर आता मिळत नाही अन् मिळालं तरी झोपायच्या खोलीत नको.

दिवाणावरच्या गादीचं खोळ टाकून द्या, त्याच्या शिवणीत असणारच. कापूस पिंजून नव्या खोळीत भरून घ्या. गादीवाला सकाळी नेतो, संध्याकाळी आणून देतो, नव्या गादीच्या मानानं पैसे काहीच नाहीत. ते तुम्ही द्या. नवा दिवाण मात्र तुम्ही घ्यायची गरज नाही, पोरीला पलंग द्या, आई खाली झोपेल. आम्ही सगळ्याच खाली झोपतो.

खालचा_मजला (लातूर)

ताई, गादीवाल्याला उद्या बोलावलंय. दिवाण आज गच्चीवर गेला, पाणी उकळून ओतलं, अन् मंडळी स्वतः उभ्या राहून बघत होत्या. काय काय निघालं ते लिहीत नाही, जेवायची वेळ आहे.

वायरमन साहेब, एक राहिलं. आमचा माणूस म्हणतो आरसीसीबी नको, जुनी वायरिंग आहे, तासातासाला उडेल अन् भाडेकरू ओरडतील. खरं का? वर-खाली मीटर वेगवेगळे आहेत.

वायरमन_नांदेड

उडेल हे खरं असू शकतं, पण म्हणून नको हे खोटं. उडते म्हणजे कुठंतरी गळती आहे. मीटर वेगळे आहेत हे बरं झालं, वरची वेगळी टाका. आधी वरचा अन् खालचा न्यूट्रल कुठं एकत्र केलेला नाही ना ते तपासायला सांगा, तसा असेल तर ती टिकणारच नाही. मग सगळ्या एमसीबी खाली करून एकेक वर करा, ज्यावर उडेल त्यात दोष. बोअरचं पाणी म्हणालात ना, तर क्षार धरून गळते ती गिझरची कॉइल आधी बघा.