मदत हवी आहे: बातमीचे दोन मथळे तपासायचेत, पण सर्व्हर आडवा पडतो

खाडीकाठ:
सिंधुदुर्गातल्या बातम्यांचं वर्डप्रेस संकेतस्थळ. शेअर्ड होस्टिंग (एक सर्व्हर अनेकांत वाटलेला), सीपॅनेल (होस्टिंगचा नियंत्रण-फलक), पेज कॅश (तयार पानाची साठवलेली प्रत देणं) चालू. मुखपृष्ठावर रोज साधारण ४,००० वाचक, पैकी ४ टक्के पहिल्या बातमीवर क्लिक करतात. दोन मथळे आलटूनपालटून दाखवणारं प्लगिन चालू केलं की दुपारपर्यंत ५०८ एरर येते, बंद केलं की सगळं सुरळीत. तपासायचे मथळे असे: ‘करूळ घाट वाहतुकीसाठी बंद’ की ‘कोल्हापूरला जायचंय? करूळ बंद, फोंडा घाटाने जा’. होस्टिंगचा खर्च न वाढवता जमेल का?

फणसगरा:
जमेल, पण आधी ते प्लगिन काढा. अशी प्लगिनं सहसा मथळा सर्व्हरवर, पीएचपीत निवडतात, त्यामुळे कॅश बाजूला ठेवावी लागते. वर प्रत्येक दर्शनाची (मथळा एकदा दिसण्याची) नोंद ॲडमिन-एजॅक्स या वर्डप्रेसच्या फाईलमार्फत होते. एका नोंदीसाठी अख्खं वर्डप्रेस उठतं आणि डेटाबेसमध्ये एक ओळ लिहून झोपतं. मुखपृष्ठावर १० मथळे तपासायला लावले असतील, तर दिवसाला ४०,००० वेळा. ५०८ म्हणजे तुमच्या खात्याला दिलेली मर्यादा संपली.

निवड वाचकाच्या ब्राउझरवर सोपवा. दोन्ही मथळे एकाच कॅश झालेल्या पानात छापा, दुसरा ‘हिडन’ ठेवून. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह (काना-मात्राही) यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं, म्हणजे ६० चिन्हांचा जादा मथळा १८० बाइटांच्या आसपास. जीझिपने दाबल्यावर आणखी कमी. मथळ्याच्या लगेच खाली चार ओळींची स्क्रिप्ट: लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात) या बातमीच्या क्रमांकाखाली ‘अ’ किंवा ‘ब’ असेल तर तो दाखवा, नसेल तर नाणेफेक करून लिहून ठेवा. कुकी पीएचपीतून पाठवू नका. सेट-कुकी दिसली की व्हार्निश आणि एनजिनएक्स हे कॅश करणारे सर्व्हर मूळ मांडणीत ते पान कॅशच करत नाहीत.

मोजणीला डेटाबेस लागत नाही. एक रिकामी टेक्स्ट फाईल ठेवा. मथळा दिसल्यावर आणि क्लिक झाल्यावर तिच्या पत्त्याला बातमीचा क्रमांक, अ/ब आणि एक यादृच्छिक आकडा जोडून ‘कीप-अलाइव्ह’ फेच (पान सोडलं तरी पूर्ण होणारी विनंती) करा. आकडा नसेल तर ब्राउझर किंवा सीडीएन (प्रती ठेवणारे मधले सर्व्हर) परस्पर उत्तर देईल आणि लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) काहीच उमटणार नाही. सीपॅनेलच्या ‘रॉ ॲक्सेस’मध्ये लॉग साठवण्याची खूण करायला विसरू नका.

खाडीकाठ:
केलं. ५०८ गेली. पण ‘ब’ मथळा लगेच दिसत नाही. पानाला बोट लावलं की मगच डोळ्यांदेखत बदलतो.

फणसगरा:
कॅश प्लगिनमध्ये ‘जावास्क्रिप्ट लांबवा’ चालू असणार. वाचकाने स्क्रोल किंवा टॅप करेपर्यंत ते स्क्रिप्ट रोखतं. ही एक स्क्रिप्ट अपवादाच्या यादीत घाला आणि कॅश पुसा. दोन्ही मथळे मोबाईलवर सारख्याच ओळींचे ठेवा, नाहीतर खालचं सगळं उडी मारतं.

भरतीओहोटी:
आकड्यांबद्दल जरा थांबा. ४ टक्क्यांचे ५ झाले हे खात्रीने सांगायला (नसलेला फरक दिसण्याची शक्यता ५ टक्के, असलेला पकडण्याची ८० टक्के) प्रत्येक मथळ्याला जवळपास ६,९०० वाचक हवेत. ४,००० रोजच्या हिशेबाने साडेतीन दिवस. तोवर घाट उघडलेलाही असेल! ४ चे ६ होण्याइतका मोठा फरक असेल तर प्रत्येकी १,९०० पुरतात, म्हणजे एक दिवस. तेव्हा घाट, दरड, पूर यांच्या बातम्यांवर प्रयोग करूच नका. तिथे वाचकाला रस्ता हवा असतो, सरळ तोच सांगा. किल्ल्याच्या होड्यांच्या वेळा, हापूस कसा ओळखावा अशी महिनाभर टिकणारी पानं घ्या.

आणि दर तासाला लॉग उघडून ‘ब पुढे आहे’ म्हणत चाचणी थांबवू नका. वारंवार डोकावलं की योगायोगही विजय वाटतो. आकडा आधी ठरवा, पूर्ण दिवसांतच मोजा.

खाडीकाठ:
मग सकाळी अ, रात्री ब असं सरळ करू का? स्क्रिप्टच नको.

भरतीओहोटी:
नको. सकाळी गावातले वाचक, रात्री मुंबईतले चाकरमानी. तुम्ही मथळे नाही, माणसं मोजाल. गणपतीच्या आठवड्यातही चाचणी नको. तेव्हाचा वाचक वर्षभराचा नसतो.

खाडीकाठ:
दर्शनं वाचकसंख्येपेक्षा कमी दिसताहेत, ते?

फणसगरा:
इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर वापरला असेल, तर मथळा पडद्यावर आल्यावरच नोंद होते. जे खाली सरकलेच नाहीत ते गळतात. ते योग्यच आहे. फक्त एका वाचकाची एका बातमीला एकच नोंद होते ना, ते पाहा. नेटवर्क खाडीत गेलं की काही नोंदी हरवतात, पण अ आणि ब दोन्हींच्या सारख्याच.

खाडीकाठ:
गूगलला काही अडचण?

फणसगरा:
बदल मुखपृष्ठापुरता ठेवा. बातमीच्या पानाचा टायटल आणि पत्ता तसाच राहू दे, व्हॉट्सॲपवरचा मथळाही तिथूनच उचलला जातो. चाचणी संपली की हरलेला मथळा आणि स्क्रिप्ट दोन्ही काढून टाका.