मदत हवी आहे: एंजलची अंडी दर वेळी दुसऱ्या दिवशी पांढरी पडतात

बोअरचं_पाणी (सोलापूर)

नमस्कार मंडळी. एंजल फिश पाळणाऱ्यांकडून सल्ला हवा आहे.

घरी तीन फुटी टाकी आहे, पाणी साधारण दीडशे लिटर. त्यात सहा एंजल, थोडे कोरी आणि एक प्लेको. एंजल नाण्याएवढे असताना एकाच दुकानातून आणले होते, आता चांगले मोठे झालेत. त्यातल्या दोघांनी, एक कोई आणि एक मार्बल (दोन्ही एंजलचेच रंगांचे प्रकार), गेल्या उन्हाळ्यापासून जोडी जमवली आहे. बाकीच्यांना कोपऱ्यात हाकलतात, फिल्टरचा उभा पाइप तोंडाने टोचून टोचून साफ करतात आणि त्यावर ओळीने अंडी घालतात. दोन-तीन आठवडे गेले की परत तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर अंडी पांढरी. मग त्यांवर कापसासारखी बुरशी, आणि शेवटी दोघं ती खाऊन टाकतात किंवा रात्रीत प्लेको हात मारतो. जोडी वेगळ्या दोन फुटी टाकीत हलवून झाली. तिथे स्पंज फिल्टर, हीटर २८ वर आणि उभी लावलेली स्लेटची फरशी. दुकानदाराने दिलेलं मिथिलीन ब्ल्यू, म्हणजे बुरशीवरचं निळं औषध, घालून झालं. टाकीचे सांधे निळे झाले, अंडी पांढरीच राहिली.

आमच्याकडे नळाचं पाणी रोज येत नाही, त्यामुळे टाकीत बोअरचंच पाणी. टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, ६४० दाखवतो. बादलीला पांढरे थर बसतात यावरून समजा. दुकानदार म्हणतो, ‘मॅडम, पाणी जड आहे, आरओ बसवल्याशिवाय पिल्लं निघणार नाहीत.’ घरातल्या आरओला हात लावायला सासूबाईंची परवानगी नाही, म्हणजे माशांसाठी वेगळा घ्यावा लागेल. एवढा खर्च करावा का? की दुसरं काही चुकतंय?

निळीशाई

ताई, आरओ घ्याच. एंजल मूळचे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, त्यांना मऊ पाणी लागतं. शिवाय देशी बदामाची वाळून गळलेली पानं टाका, पाणी चहाच्या रंगाचं झालं की बुरशी धरत नाही. आमच्याकडे डिस्कसची पिल्लं अशीच निघतात.

दोन_फुटी

६४० मध्ये अंडी फुटणं अवघडच. पण एक विचारतो, नवी जोडी असेल तर पहिली काही अंडी वाया जातातच. वाट बघा थोडी. आमच्या जोडीने सुरुवातीला सगळी खाल्ली, नंतर शिकली.

स्पंजफिल्टर (पुणे)

आरओचे पैसे आत्ताच घालवू नका. आधी ही उत्तरं द्या.

सगळीच्या सगळी अंडी पांढरी होतात, की मध्ये मध्ये काही पिवळसर, पारदर्शक राहतात? एका वेळी साधारण किती अंडी असतात, तुमच्या टाकीच्या मानाने फार वाटतात का? आणि अंडी घालताना तुम्ही समोर बसून बघितलंय का, म्हणजे दोघांपैकी कोण काय करतं ते?

बोअरचं_पाणी (सोलापूर)

दादा, एकूण एक पांढरी. एकही पिवळं राहिलेलं मला आठवत नाही. संख्या भरपूर, स्लेट जवळजवळ भरते. घालताना नीट बघितलेलं नाही, बहुतेक वेळा मी शाळेत असते आणि घरी येईपर्यंत कार्यक्रम उरकलेला असतो.

स्पंजफिल्टर (पुणे)

मग माझा संशय पाण्यावर नाही, जोडीवर आहे. तुमच्याकडे बहुधा दोन्ही माद्या आहेत.

हसू नका, एंजलमध्ये हे फार होतं. नर मिळाला नाही तर दोन माद्या जोडी जमवतात. जागा साफ करतात, बाकीच्यांना मारतात, अंडी घालतात, पंखांनी वारा घालतात, पांढरी पडलेली वेचूनही काढतात. बाहेरून बघणाऱ्याला हुबेहूब संसार. फक्त अंड्यांना नर लागलेला नसतो. आणि दोघी घालतात म्हणून स्लेट भरते.

अंडी पांढरी पडण्याची दोन वेगळी कारणं असतात आणि दुकानात त्यांना एकच बाटली मिळते. फळलेली अंडी बुरशीने जातात तेव्हा सुरुवात काही अंड्यांपासून होते आणि ती शेजारच्यांत पसरते. अशा वेळी मिथिलीन ब्ल्यूचा उपयोग होतो. न फळलेली अंडी मात्र दिवसभरात सरसकट पांढरी होतात, बुरशी नंतर त्यावर येते. तिथे निळं पाणी करून काहीच मिळत नाही, उलट स्पंजमधले पाणी साफ ठेवणारे जिवाणू मरतात आणि अमोनिया वाढतो तो वेगळाच.

जड पाण्याने फळण्याचं प्रमाण घटतं हे खरं, निळीशाईंचं म्हणणं चूक नाही. पण आज दुकानात मिळणारे एंजल नदीतून धरून आणलेले नसतात, चेन्नईच्या कोळत्तूरसारख्या ठिकाणी पिढ्यानपिढ्या टाक्यांत वाढवलेले असतात. अशांची अंडी जड पाण्यातही थोडीफार तरी फळतात. दर वेळी शंभर टक्के वाया म्हटल्यावर मी पहिल्यांदा नर आहे का ते बघेन. नर कोवळा असू शकतो, पण इतके महिने एकही अंडं धरू नये?

ओळखायचं कसं? डोक्यावरचा उंचवटा, कपाळाचा आकार, अंगाची ठेवण यावर जाऊ नका. त्यावरून दुकानदार छातीठोक सांगतात आणि निम्म्या वेळा चुकतात. खात्रीची खूण एकच, अंडी घालायच्या आदल्या दिवसापासून पोटाखाली बाहेर येणारी नळी. मादीची जाड आणि टोकाला बोथट असते, जवळपास शिसपेन्सिलीच्या न तासलेल्या टोकासारखी. नराची बारीक, टोकदार. वागणंही बघा. मादी पोट टेकवत खालून वर सरकते आणि मागे अंड्यांची ओळ उमटते. नर तिच्या मागोमाग त्याच ओळीवरून पोट घासत जातो, पण त्याच्या मागे नवी अंडी दिसत नाहीत.

पुढच्या वेळी पाइप घासायला लागले की मोबाइल टाकीसमोर उभा करून रेकॉर्डिंग लावून शाळेत जा.

नदीकाठ (सांगली)

+१. आणि टीडीएसवरून पाण्याचा जडपणा ठरवू नका. टीडीएसमध्ये सगळेच क्षार मोजले जातात, जडपणा म्हणजे त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. थेंब टाकून रंग बदलतो ते जीएचचं, म्हणजे जडपणा मोजायचं, किट आणा. ८ च्या आत आलं तर एंजलला पुष्कळ झालं. कोणी सॉफ्टनर बसवा म्हणालं तर घेऊ नका, तो कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम घालतो.

बोअरचं_पाणी (सोलापूर)

रेकॉर्डिंग मिळालं. दादा, तुमचा संशय खरा ठरला.

दोघांच्या नळ्या जाड. कोई वर सरकते, ओळ उमटते. मग मार्बल जाते आणि तिच्याही मागे ओळ उमटते! तीही शेजारी, वेगळी. मध्येच दोघी एकाच जागी आल्या की एकमेकींना ढुशी देतात. नवऱ्याने पूर्ण व्हिडिओ बघितला आणि म्हणाला, आरओचे पैसे वाचले.

आता पुढे काय? उरलेल्या चौघांत नर असेल का? दुकानातून नर आणू का? पिल्लांना खायला आर्टेमियाची (कोळंबीसारख्या बारीक जिवांची) अंडी मागवून ठेवू का?

स्पंजफिल्टर (पुणे)

दुकानातून ‘नर’ आणू नका, वर लिहिलंय त्याच कारणासाठी. मोठ्या जोड्या मुंबईला कुर्ल्याच्या बाजारात मिळतात, पण ‘ब्रीडिंग पेअर’ म्हणून देताना त्यांची फुटलेली अंडी किंवा पिल्लं दाखवली तरच जादा पैसे द्या. नुसती अंडी दाखवली तर काय, अंडी तुमच्याकडेही आहेत.

उरलेल्या चौघांवर भरवसा ठेवा. नर-मादी निम्मे-निम्मे धरले तर चारही माद्या निघण्याची शक्यता सोळात एक. दोघींना वेगळं करा. मार्बल जास्त दांडगट दिसते, तिला दोन फुटीत ठेवा आणि कोईला उरलेल्या चौघांत राहू द्या. मोठ्या टाकीत दोन उभ्या जागा द्या, एकीकडे स्लेट आणि दुसरीकडे पीव्हीसी पाइपचा तुकडा. जोडी त्यांनाच जमवू द्या, आपण लावून दिलेली लग्नं एंजलमध्ये बऱ्याचदा फाटलेल्या परांवर संपतात.

नवी जोडी जमली की परत नळ्या बघा. अंडी दुसऱ्या दिवशीही पिवळसर, पारदर्शक राहिली तर जिंकलात. २८ अंशाला दोन-अडीच दिवसांत शेपट्या वळवळताना दिसतील, पण पिल्लं त्याच जागी चिकटलेली असतात. अंडी घातल्यापासून साधारण आठवड्याने ती सुटून पोहायला लागतात. तोपर्यंत काही खायला घालायचं नाही, पोटात बलक असतो. उकडलेल्या अंड्याचा बलक तर कधीच नको, एका चिमटीत टाकीचं गटार होतं.

आर्टेमिया आत्ता मागवू नका. डबा एकदा उघडला की दमट हवेत अंडी फुटण्याचं प्रमाण घसरतं. पिल्लं वळवळायला लागली की घ्या.

निळीशाई

माझं आरओचं मत मागे. पण पानं राहू देत, त्याने नुकसान काही नाही.

आर्टेमिया काढायची कृती देतो. बाटलीत एक लिटर पाणी, २५ ग्रॅम खडे मीठ, पाव चमचा अंडी, तळापासून जोरात हवा, वर दिवा. २८ अंशाला २४ तासांत फुटतात, थंडी असेल तर ३६. मग हवा बंद करून तळाशी टॉर्च धरायचा. टरफलं वर तरंगतात आणि नारिंगी ठिपके उजेडाकडे खाली जमतात. ते बारीक नळीने ओढून सुती कापडावर गाळायचे, साध्या पाण्याने धुवायचे आणि लगेच घालायचे. जसजसे तास जातात तसतसा त्यांच्यातला कस कमी होतो, म्हणून रोज नवी बाटली लावावी लागते.

नदीकाठ (सांगली)

आणि फळण्याचं प्रमाण खरंच कमी निघालं तर पूर्ण आरओवर जाऊ नका, पीएच सांभाळायला पाण्यात काहीच उरत नाही. एक भाग बोअर, तीन भाग आरओ. तुमचं ६४० आणि आरओचं ४० धरलं तर १९० येईल. रोजचा कॅन घरपोच देणाऱ्यांकडून पाणी घेऊन एकदा करून बघा, मशीन नंतर. पावसाळ्यात पहिले काही पाऊस सोडून पिंपात धरलेलं पाणीही चालतं, मात्र गच्चीवरून कबुतरांची घाण येत नाही ना ते बघा.

पिल्लं निघालीच तर शे-दोनशे निघतील. नाण्याएवढी झाल्याशिवाय दुकानदार घेत नाहीत आणि तोवर रोज पाणी बदलायला लागतं. दोन फुटी टाकी तेव्हा रिकामी लागेल, त्यामुळे मार्बलची सोय आधीच लावून ठेवा.

बोअरचं_पाणी (सोलापूर)

सगळ्यांचे आभार. मार्बल मैत्रिणीच्या टाकीत जातेय, तिच्याकडे दोन मोठे एंजल आहेत आणि त्यांतला एक नर आहे असं दुकानदाराने तिला सांगितलंय. नळी बघून कळवते.